दोघींना एकदम ऐकता येईल असा

आत्याचा जुना रेकॉर्डर गेला तो एका कोंबडीपायी. रेडिओवरच्या नाटकाला परसातली सकाळ हवी होती, म्हणून आत्या एका ओळखीच्या बाईंच्या घरामागे उजाडता उजाडता जाऊन बसली. रेकॉर्डर पालथ्या बादलीवर ठेवला, माईक कोंबड्यांच्या दिशेने केला आणि श्वास रोखून वाट पाहायला लागली. शेजारी दुसरी बादली होती, ती मात्र सुलटी आणि पाण्याने काठोकाठ भरलेली. एका तांबड्या कोंबडीला नेमकी पालथ्या बादलीवरचीच जागा पसंत पडली. पुढे काय झालं ते सांगायला नको. आत्याने यंत्र पुसलं, उघडलं, दोन दिवस उन्हात वाळवलं. तिसऱ्या दिवशी त्याने एकदा घरघर केली आणि मान टाकली. यंत्र गेल्याचं तिला वाईट वाटलंच, पण त्याहून वाईट याचं वाटलं की कोंबडीची ती विजयाची आरोळी कुठेच रेकॉर्ड झाली नाही.

ही आत्या खरं तर एकाच मुलीची आत्या. ती मुलगी लहानपणी शाळा सुटली की रेडिओ केंद्रावर येऊन बसायची आणि काचेपलीकडून "आत्या, आत्या" करायची, म्हणून हळूहळू अख्खं केंद्र तिला आत्या म्हणायला लागलं. तिच्याहून दहा वर्षांनी मोठे बातम्या वाचणारे गृहस्थसुद्धा. नाट्यविभागात तिचं काम आवाजांचं. नाटकातली माणसं बोलतात. बाकी जे काही ऐकू येतं ते आत्या. कापडी पिशवीत मक्याचं पीठ भरून मुठीत दाबलं की बर्फातून चालणारा माणूस. चॉकलेटचा कागद चुरगाळला की शेकोटी. छत्री फटकन उघडून मिटली की गरुड उडाला. जे खोलीत बसून करता येत नाही ते बाहेर जाऊन पकडून आणायचं. चौतीस वर्षं हे चाललं, आणि निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी अडलं की केंद्र तिलाच बोलावत होतं.

तिची एक सवय होती. कुठेही गेली की आधी एक मिनिट 'काहीच नाही' रेकॉर्ड करायची. रिकाम्या खोलीचं काहीच नाही वेगळं, जिन्याचं वेगळं, गोदामाचं वेगळं. नाटकात दोन वाक्यांच्या मधे हे खोलीचं गप्प बसणं अंथरावं लागतं, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटतं रेडिओच बंद पडला. त्यामुळे आत्या पाहुणी म्हणून आली तरी त्या घरातल्या सगळ्यांना मिनिटभर तोंडात मूग धरून बसावं लागे. ती नुसती दारात दिसली की पोरं आपोआप गप्प होत, आणि त्यांच्या आया म्हणत, "आत्या, जरा वरचेवर येत जा."

कानांचा तिचा मोठा दबदबा होता. फिरता पंखा ऐकून तो किती दिवसांचा सोबती ते ती सांगे. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी नव्या चपला घेतल्या हे त्यांच्या नवऱ्याच्या आधी आत्याला कळलं. म्हणूनच आत्याहून वीसेक वर्षांनी लहान असलेल्या, नाट्यविभागाच्या दिग्दर्शक बाईंनी एक नाटक तिच्यासाठी राखून ठेवलं होतं. चाळीस मिनिटांचं नाटक आणि त्यात जेमतेम वीस वाक्यं. एक माणूस घर सोडण्याआधी आपलं कपाट रिकामं करतो, एवढंच.

"हे तुम्ही करणार असाल तर करू, आत्या," बाई म्हणाल्या होत्या. "नाहीतर कागदावरच बरं आहे."

आत्याला असं काम उभ्या आयुष्यात मिळालं नव्हतं. एरवी ती बोलणाऱ्यांच्या मागे असायची. या वेळी बोलणारेच तिच्या मागे उभे राहणार होते. आणि नेमका हाताशी रेकॉर्डर नाही.

भाची आता सव्वीस वर्षांची. ती संगीत करते, पण तिला एकही वाद्य वाजवता येत नाही आणि याचं तिला काडीइतकंही वाईट वाटत नाही. दाराची कुरकुर, प्रिंटरची खरखर, खुर्ची सरकवल्याचा आवाज असे तुकडे ती उचलते, कापते, उलटे करते आणि संगणकात एकाला एक जोडून त्यांचं गाणं करते. या तुकड्यांना सॅम्पल म्हणतात. आत्याच्या नवऱ्याचा, म्हणजे आतोबांचा, खोकला तिने एका गाण्यात ठेका म्हणून वापरला आणि ते गाणं बऱ्याच लोकांनी ऐकलं. तेव्हापासून आतोबा जरा ताल सांभाळून खोकतात.

"दोघींत मिळून एकच घेऊ," भाची म्हणाली. "पण तो सगळ्याला चालला पाहिजे."

"सगळ्याला म्हणजे कशाकशाला?"

"तुला बाहेर न्यायला, स्टुडिओत मोठे माईक जोडायला, आणि मला सॅम्पल गोळा करायला."

आतोबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "म्हणजे घोडा, बैल आणि गाढव एकाच जनावरात."

दुकान एका अरुंद गल्लीत होतं, आणि दुकानदाराला बंद करायचं बटण नव्हतं. दोघी आत शिरल्यापासून तो जो सुरू झाला तो तीन रेकॉर्डर काचेवर मांडून होईपर्यंत थांबला नाही. पहिला विटेएवढा आणि तितकाच सुंदर. दुसरा मधला, ना धड मोठा, ना धड लहान. तिसरा काळाभोर, गुळगुळीत, मुठीत मावणारा.

"हा बघा, बत्तीस बिटचा," तिसऱ्यावर हात फिरवत दुकानदार म्हणाला. "कुजबुजा नाहीतर किंचाळा, आवाज फाटणारच नाही. लेव्हल लावायची भानगडच नाही."

"लेव्हल नाही लावायची तर मी दिवसभर करू काय?" आत्या म्हणाली.

तिने आपली परीक्षा सुरू केली. आधी यंत्र नुसतं हातात धरून पकड बदलली; बोट सरकलं की माईकमध्ये खडखड होते का ते पाहायला. मग लांबून फुंकर मारली. बाहेर वारा काही सांगून येत नाही. मग किल्ल्यांचा जुडगा हलवला, कारण किल्ल्यांच्या आवाजात यंत्राला खोटं बोलता येत नाही. मग डोळे मिटून बटणं चाचपली. आतले सेल किती तास टिकतात ते विचारलं, दुकानदाराने सांगितलेला आकडा मनातल्या मनात निम्मा केला. तिच्या पाठोपाठ भाचीने आपली यादी लावली. संगणकाला सरळ वायर लागते का, दुसऱ्या यंत्रातून थेट आवाज घेता येतो का, एवढासा तुकडा तिथल्या तिथे कापून पुन्हा पुन्हा वाजवता येतो का. मोठे माईक जोडायची जाड भोकं तिघांनाही होती. आतापर्यंत तिघंही पास होते.

मग शेवटची परीक्षा. प्रत्येक यंत्रावर एक मिनिट काहीच नाही. यंत्राला स्वतःचाही एक आवाज असतो. बाहेर शांत असलं आणि आवाज पूर्ण वाढवून ऐकलं की तो उघडा पडतो. ज्याचा सगळ्यात कमी, ते यंत्र उत्तम. दुकानदाराला तीन मिनिटं गप्प राहावं लागलं. त्याच्या आयुष्यातली ती सगळ्यात लांब तीन मिनिटं असावीत.

आत्याने हेडफोन लावून तिन्ही ऐकले. "पहिले दोन ठीक आहेत," ती म्हणाली. "तिसरा मात्र अगदी स्वच्छ."

"तिसरा?" भाचीने हेडफोन घेतले, ऐकलं, पुन्हा ऐकलं. "आत्या, तिसऱ्यात तर सरसर आहे. बरीच आहे."

"तुला हेडफोन नीट बसले नसतील."

"बसलेत गं. अगदी स्पष्ट येतंय. वरती, बारीक."

आत्याने पुन्हा कानाला लावलं. डोळे घट्ट मिटले. तिथे काहीच नव्हतं. निर्मळ, सुरेख काहीच नाही. डोळे उघडले तेव्हा दुकानदार आळीपाळीने दोघींकडे पाहत होता आणि आल्यापासून पहिल्यांदाच आपणहून गप्प होता. आत्याला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच.

"ऐकावे जनाचे, करावे मनाचे," ती म्हणाली आणि तिसराच बांधून घेतला. पसंत पडला नाही तर आठवड्यात बदलून देतो, असं दुकानदार हळूच भाचीला म्हणाला. घरी येईपर्यंत भाची काही बोलली नाही, आत्याही बोलली नाही. एकमेकींचं न बोलणं मात्र दोघींना नीट ऐकू येत होतं.

आतोबांनी तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. अक्षरावरून नजर हटू न देणारा माणूस, आणि तिसऱ्या हाकेशिवाय ओ न देणारा. घरात त्यांना बहिरे म्हणूनच धरलेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याने त्यांच्या डोक्यावर हेडफोन चढवले.

"काय ऐकू येतंय, सांगा."

आतोबांनी ऐकलं. "सरसर."

"कुठे?"

"वरच्या अंगाला. चहाचं पाणी उकळायच्या आधी होते तशी."

"तुम्हाला हे ऐकू येतं?"

"मला सगळंच ऐकू येतं," आतोबा म्हणाले. "हाक सोडून."

एरवी या वाक्यावर तासभर भांडण झालं असतं. त्या दिवशी आत्याने हेडफोनची वायर गुंडाळली, नीट जागेवर ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच डबे पुसत बसली. आतोबांच्या लक्षात आलं. ते मागोमाग आले, एक फडकं त्यांनीही घेतलं आणि झाकणं पुसायला लागले.

कान तपासणाऱ्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी आत्याला एका बंद पेटीसारख्या खोलीत बसवलं आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. खोलीत पाऊल टाकताच आत्याने विचारलं, "भिंतीला आतून काय लावलंय? आमच्या स्टुडिओपेक्षा चांगलं दिसतंय." मग परीक्षा सुरू झाली. आधी भराभर दाबत गेली. मग सावकाश. मग बराच वेळ ती बटणावर अंगठा ठेवून नुसती बसून होती आणि काचेपलीकडे डॉक्टर काही ना काही लिहीत होत्या.

कागदावरची रेघ निम्म्यापर्यंत सपाट होती आणि तिथून जिना उतरल्यासारखी खाली गेली होती.

"बोलणं सगळं नीट ऐकू येतं तुम्हाला," डॉक्टर म्हणाल्या. "जड, मधले आवाज तर उत्तम. वरचे बारीक आवाज मात्र गेलेत. वयानं थोडे जातातच, तुमचे जरा लवकर गेले. वर्षानुवर्षं हेडफोन लावत होतात का? कामाला काय करता?"

"ऐकते," आत्या म्हणाली.

डॉक्टरांचं पेन थांबलं. गेलेलं परत येणार नाही, आहे ते सांभाळा, असं त्यांनी फार हळुवारपणे सांगितलं. आत्याला तो हळुवारपणासुद्धा अगदी स्पष्ट ऐकू आला.

परतताना ती बागेपाशी बाकावर टेकली. या बागेतले किडे नाहीसे झाले, असं ती चार वर्षं ज्याला त्याला सांगत होती. माळी विषारी औषध मारतात म्हणून तिने पालिकेला दोन पत्रंही लिहिली होती, दोन्ही आतोबांकडून तपासून घेऊन. आता तिने फोन काढला आणि भाचीला विचारलं, "बागेत संध्याकाळी किडे किरकिरतात का गं?"

"हो की," भाची म्हणाली. "ढिगानं. माझ्या मागच्या गाण्यात तेच तर आहेत. का?"

"काही नाही. माळ्याची माफी मागायचीय."

फोन ठेवल्यावर तिला रडू आलं. मग पालिकेच्या बागखात्यात तिची पत्रं वाचून कुणीतरी खरोखरच बागेत येऊन, कान टवकारून उभं राहिलं असेल, हे मनात आलं आणि रडता रडता ती हसायलाही लागली. बाजूच्या बाकावरचे गृहस्थ उठून दुसरीकडे जाऊन बसले.

मूठ झाकलेली ठेवणं तिला जमलं असतं. केंद्रात कुणाला काही कळलं नसतं, निदान लगेच तरी नाही. पण चौतीस वर्षं ज्या गोष्टीच्या जिवावर आपण मान वर करून चाललो तिच्याबद्दल खोटं बोलायचं, हे काही तिला पटेना. दुसऱ्या दिवशी ती दिग्दर्शक बाईंच्या खोलीत गेली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "ते कपाटाचं नाटक दुसऱ्या कुणाला द्या. मला वरचं ऐकू येत नाही."

"वरचं म्हणजे?"

आत्याने कागद पुढे केला आणि रेघ बोटाने दाखवली. "इथून पुढे. चार-पाच वर्षं झाली असावीत, डॉक्टर म्हणतात."

बाईंनी कागद वाचला. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी विचित्र झालं. "चार-पाच वर्षं," त्या म्हणाल्या. "म्हणजे ती धार?"

"कसली धार?"

"आत्या, चार वर्षांपासून तुमच्या आवाजांना एक धार आलीय. चमचा कपात फिरला की चकाकतो. आम्हाला वाटलं ही तुमची नवी शैली. मी नव्या मुलांना बसवून ऐकवते. अख्खा विभाग तसंच करतो आता. त्याला आम्ही आत्याची धार म्हणतो."

आत्या मटकन खुर्चीत बसली. सगळं एकदम तिच्या ध्यानात आलं. तिला सगळे आवाज बोथट लागत होते, म्हणून ती प्रत्येक वेळी यंत्रावरची बारीक आवाजांची, वरची पट्टी थोडी चढवत होती. दर वर्षी थोडी जास्त. आणि तिचं बघून बाकीचे, ज्यांचे कान ठणठणीत होते, तेही चढवत होते.

"श्रोत्यांची पत्रं नाही आली?" तिने घाबरत विचारलं.

"एक आलं होतं. तुमच्या नाटकातल्या माणसांनी चहा ढवळला की तलवारी उपसल्यासारखं वाटतं, असं. आम्ही म्हटलं, याला कलेतलं काही कळत नाही."

एवढं बोलून बाईंना जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना. आत्या आधी दुखावली. मग तिच्या डोळ्यांपुढे तो बिचारा श्रोता आला, चहाचा प्रसंग आला की रेडिओपासून लांब सरकणारा, आणि तीही हसायला लागली. काचेपलीकडचे लोक माना वळवून पाहायला लागले.

डोळे पुसून झाल्यावर बाई मात्र सरळ बोलल्या. "हे बघा, मला वाईट वाटतंय म्हणून मी तुम्हाला हे नाटक देणार नाही. तसं केलेलं तुम्हालाही आवडायचं नाही. पहिली पाच मिनिटं करून आणा, सोमवारी. कशी करायची, कुणाला बरोबर घ्यायचं, ते तुम्ही ठरवा. जमली तर नाटक तुमचं. नाही जमली तर मी तसं तोंडावर सांगेन."

"तोंडावरच सांगा," आत्या म्हणाली. "कानात नको."

त्याच दुपारी आत्याने भाचीला सगळं सांगितलं आणि दोघी पुन्हा दुकानात गेल्या. आत्याने काळाभोर देखणा रेकॉर्डर काचेवर ठेवला. "हा परत घ्या. यात सरसर आहे," ती म्हणाली. "मला ऐकू येत नाही, पण आहे." दुकानदाराने नव्या दमाने नवी यंत्रं काढायला सुरुवात केली, तिने हात वर करून त्याला थांबवलं.

"मला एवढंच सांगा. यातल्या कशाला दोन हेडफोन लागतात? दोघींना एकदम ऐकता येईल असा हवाय."

दुकानदार विचारात पडला. वीस वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. मग त्याने तो विटेएवढा पहिला उचलला, पाठीमागचं रबरी झाकण उघडलं आणि स्वतःच चकित झाला. शेजारी शेजारी दोन भोकं होती. "हा खरं म्हणजे कुणी घेत नाही," तो म्हणाला. "जड आहे ना."

"दोघी मिळून उचलू," भाची म्हणाली. तिने मिनिटभर त्याचं काहीच नाही ऐकलं आणि मान डोलावली. आत्याने या वेळी तिच्या मानेवर विश्वास ठेवला.

नाटकातलं कपाट म्हणून आतोबांचं कपाट ठरलं आणि नाटकातला माणूस म्हणून खुद्द आतोबा. चौतीस वर्षं "श्श" ऐकलेल्या माणसाला एकदाचं आवाज करायचं काम मिळालं होतं. त्यांनी दाढीसुद्धा केली. रेकॉर्डर स्टुलावर, माईक कपाटाच्या आत एक आणि बाहेर एक, आणि स्टुलाच्या दोन्ही बाजूंना दोघी, एकाच यंत्राला बांधलेल्या.

पहिल्या वेळी भाचीने मधेच थांबवलं. "टिकटिक येतेय." आतोबांचं घड्याळ होतं. आत्याला त्यातलं काही ऐकू आलं नव्हतं. तिने घड्याळ काढून शेजारच्या खोलीत ठेवून दिलं. दुसऱ्या वेळी आत्याने थांबवलं. "फ्रिज चालू आहे." भाचीला तो खालचा घुमारा जाणवलाच नव्हता, जन्मल्यापासून तो घरोघरी ऐकत आलेली ती मुलगी. फ्रिज बंद केला. तिसऱ्या वेळी आतोबांनी प्रत्येक सदऱ्यामागे एक उसासा टाकला.

"उसासे नकोत," आत्या म्हणाली.

"माणूस घर सोडतोय."

"घर सोडतोय, जग नाही."

चौथी वेळ. बिजागरी बोलली. सदरे निघाले, पेटी सरकली, खण अडकला आणि सुटला. आतोबा आता अभिनय विसरले होते. खरंच कपाट आवरत होते. वरचा कप्पा रिकामा झाला. मधला झाला. आणि मग काहीच नाही. भाचीने वाट पाहिली. दहा सेकंद, वीस सेकंद. संपलं, किंवा पुढचं विसरले, असं धरून तिने बटणाकडे हात नेला.

आत्याने तिचं मनगट धरलं. बोलता येत नव्हतं, तिने नुसती मान हलवली. डोळे मिटलेले, डोकं किंचित खाली झुकलेलं, आणि चेहऱ्यावर बरेच दिवस भाचीने न पाहिलेलं हसू. असं जवळजवळ मिनिटभर गेलं. मग आतोबांच्या बाजूने कागद उलटल्याचा आवाज आला, आणि पुन्हा काहीच नाही.

शेवटी बटण बंद झालं तेव्हा भाची उठून कपाटाशी गेली. फळीवर अंथरलेला जुना पेपर हातात घेऊन आतोबा उभेच होते, दुसऱ्या पानावर पोचलेले.

"तुला कसं कळलं?" भाचीने आत्याला विचारलं. "मला तर काहीसुद्धा ऐकू आलं नाही."

"ओळ संपली की नाकातून सोडतात. दर ओळीला एकदा. छापखान्यातली खोड आहे त्यांची."

"पण माझे कान तुझ्यापेक्षा चांगले आहेत."

"आहेतच," आत्या म्हणाली. "तुला नवरा नाही."

भाचीने तो भाग आवाज वाढवून पुन्हा ऐकला. होता. एवढासा, जड, सावकाश श्वास; मग थांबणं; मग पुन्हा. कुणीतरी काहीतरी वाचत होतं, आणि घर सोडायचं आहे हे तेवढ्यापुरतं विसरलं होतं.

जोडाजोडी करताना सवयीने आत्याचं बोट वरच्या पट्टीकडे गेलं आणि भाचीने त्यावर हलकी चापट मारली. "आहे ते बरोबर आहे."

"मला बोथट लागतंय."

"लागू दे."

आत्याने बोट मागे घेतलं. स्वतःच्या कानाला जे बोथट लागतं तेच जगाला बरोबर लागतं, हे मान्य करायला तिला अख्खी दुपार लागली. अधूनमधून ती विचारत होती, "आता वर काय चाललंय?" आणि भाची सांगत होती: कागदाची कड घासतेय, सदऱ्याचं बटण फळीला लागलं, बिजागरीचं शेवटचं टोक. आत्याला ते सगळं आठवणीतून दिसल्यासारखं ऐकू येत होतं, आणि ती म्हणायची, "हं. राहू दे तसंच."

सोमवारी दिग्दर्शक बाईंनी खोलीचं दार लावून घेतलं आणि पाच मिनिटं सुरू केली. आत्या आणि भाची समोर बसल्या होत्या. आत्याच्या छातीत इतकं धडधडत होतं की निदान हे तरी नीट ऐकू येतंय, असं तिच्या मनात आलं. बाई टेबलाकडे बघत ऐकत होत्या. सदरे निघाले, पेटी सरकली, खण अडकला, सुटला. मधला कप्पा रिकामा झाला आणि सगळं थांबलं. बाईंनी यंत्राकडे पाहिलं नाही. त्यांचं डोकं हळूहळू खाली झुकलं, पुढ्यात कागद असावा तसं. पाच मिनिटं संपली.

"काय वाचतोय तो?" त्यांनी विचारलं.

आत्याला इतका आनंद झाला होता की उत्तर द्यायला भाचीच्या हाताचा आधार घ्यावा लागला. "जुना पेपर," ती म्हणाली. "फळीवर अंथरलेला."

बाई हसल्या आणि त्यांनी वही पुढे ओढली. "पस्तीस मिनिटं राहिली," त्या म्हणाल्या. "दोघी मिळून कधी देताय?"